गाणं जॅझमध्ये बसवायचंय? आधी ऑर्गन बंद करा

नाटकांचा हंगाम आणि लग्नसराई दोन्ही आटोपले की आमच्या पूर्व विदर्भातल्या ब्रह्मपुरी-वडसा पट्ट्यातले ऑर्गनवाले (ऑर्गन म्हणजे इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड), ढोलकीवाले, ऑक्टोपॅडवाले आणि बँडमधले क्लॅरोनेटवाले दोन-तीन महिने मोकळे असतात. धानाची रोवणी झाली की संध्याकाळी समाजमंदिरात बैठका सुरू होतात. मोबाईलवर जॅझ, म्हणजे अमेरिकेतलं चाल आयत्या वेळी फुलवत वाजवायचं संगीत, ऐकून ओळखीचं एखादं भजन किंवा गीत तसं वाजवून बघणारी पोरं आता गावोगावी भेटतात. रेकॉर्डिंग पाठवून विचारतात, "दादा, कसं झालं?"

चूक बहुतेकदा एकच असते. त्यांनी कॉर्डपासून, म्हणजे एकत्र दाबलेल्या तीन-चार सुरांपासून, सुरुवात केलेली असते. ऑर्गनवर स्विंगची स्टाईल (जॅझचा झुलता तयार ठेका) लावली, प्रत्येक कॉर्डमध्ये एक सूर वाढवला, क्लॅरोनेटने मध्ये पाच मिनिटं हात साफ केला. हे सगळं झालं आणि गाणं हरवलं.

इथे मी अशा गाण्यांबद्दल बोलतोय, जी एकाच माणसाने लिहिली, चालीत बांधली आणि स्वतः गायली. आपल्याकडे तुकडोजी महाराजांची खंजिरीवरची भजनं आहेत, तिकडे कॅनडाच्या जोनी मिचेलची गाणी आहेत. अशा गाण्यात शब्द आणि चाल एकाच श्वासातून आलेले असतात. चाल सोलून वेगळी काढली तर ती फाटते. म्हणून खालचा क्रम पाळा: आधी शब्द, मग चाल, मग पट्टी, आवर्तनं, ठेका, बेस, कॉर्ड, आणि सगळ्यात शेवटी सोलो, म्हणजे एकट्या वाद्याने रंगवून वाजवणं. क्रम उलटा केला की पुढची दुरुस्ती करता येत नाही. हे मी दोन पावसाळे वाया घालवून शिकलो.

## तयारी: माणसं, वाद्यं, जागा

चार-पाच जण पुरे. एक गाणारा किंवा गाणारी, एक ऑर्गन, एक क्लॅरोनेट, ट्रंपेट किंवा सॅक्सोफोन, एक ठेका धरणारा, आणि मिळाला तर बेस गिटारवाला. बेस गिटार नसेल तर ऑर्गनवाल्याचा डावा हात बेस, म्हणजे खालचे जाड सूर, वाजवेल, पण मग त्या हाताने दुसरं काही करायचं नाही. बेंजो ठेवायचा असेल तर तो चालीपुरता ठेवा. त्याची तार सतत झणझणत राहिली की कॉर्डला जागाच उरत नाही.

पावसाळ्यात ढोलकीचं चामडं सैल पडतं आणि क्लॅरोनेटची रीड (फुंकायची वेताची पट्टी) ओल धरते. बैठकीच्या अर्धा तास आधी वाद्यं उघडून ठेवा आणि रीडचे दोन नग जवळ असू द्या. लाईन जाणारच, म्हणून हार्मोनियम बाजूला हवी. खरं तर पहिले चार टप्पे हार्मोनियमवरच करावेत असं माझं मत आहे. तिच्यात स्टाईलचं बटण नसतं.

वेळ: एका गाण्याला आठवड्यातून तीन बैठका धरून महिना द्या. महिन्यात पाच गाणी बसवणाऱ्यांचं एकही गाणं बसलेलं मी ऐकलं नाही.

## टप्पा १: गाणं निवडणं

गाणं तुमच्या पाचही जणांना तोंडपाठ असलेलं हवं. ऐकणाऱ्यांना ते किती ठाऊक आहे, हेही पाहा, कारण पुढचे बरेच निर्णय त्यावर ठरतात. लोकांना पाठ असलेल्या गाण्याची चाल तुम्ही लपवू शकता, नुसती सुचवू शकता, आणि तरी ऐकणारा मनात ती गात राहतो. अनोळखी गाण्यात हे चालत नाही. तिथे आधी पूर्ण गाणं सरळ गाऊन दाखवावं लागतं.

अमेरिकेतल्या हर्बी हॅनकॉक या जॅझ पियानोवादकाने २००७ साली जोनी मिचेलच्या गाण्यांचा 'रिव्हर: द जोनी लेटर्स' हा अल्बम केला. त्यात काही गाणी बिनशब्दांची आहेत, आणि चाल कधी कधी फक्त सावलीसारखी येते. आमच्या मुलांनी ते ऐकून तसंच करायला घेतलं. पण तिकडच्या ऐकणाऱ्यांना ती मूळ गाणी वर्षानुवर्षं पाठ होती. तुमच्या गावात तशी पाठ असलेली गाणी कोणती, ते आधी शोधा.

सावध: ज्याची चाल द्रुत आहे आणि शब्द एकमेकांना चिकटून येतात, असं गाणं पहिल्यांदा घेऊ नका. मध्य लयीचं, ओळीच्या शेवटी श्वासाला जागा असलेलं घ्या.

## टप्पा २: शब्द

या टप्प्यात, शेवटचा सराव सोडला तर, एकही वाद्य वाजत नाही. एका मोठ्या कागदावर सगळं गाणं लिहा आणि प्रत्येकाने, ढोलकीवाल्यानेसुद्धा, ते मोठ्याने वाचा. गायचं नाही, बोलल्यासारखं वाचायचं. कुठे श्वास घेता, कोणत्या शब्दावर आवाज जड होतो, कुठे थांबल्याशिवाय पुढे जाता येत नाही, त्या जागांवर खुणा करा.

हॅनकॉकने त्या अल्बमच्या वेळी वादकांना गाण्यांचे शब्द दिले होते आणि वाजवण्याआधी त्यांच्या अर्थावर बोलणं झालं होतं. वादक पहिल्या फळीतले होते, सॅक्सोफोनवर वेन शॉर्टर होता. त्यांनाही हे करावं लागलं. डेक्स्टर गॉर्डन हा सॅक्सोफोनवादक संथ गाणं वाजवण्याआधी त्याच्या पहिल्या ओळी श्रोत्यांना म्हणून दाखवायचा. फुंकवाद्य वाजवणाऱ्याने हे विशेष लक्षात घ्यावं. तुमचं वाद्य शब्द उच्चारत नाही, म्हणून ते शब्द तुमच्या मनात चालू असायलाच हवेत.

समजावण्यासाठी मी एक ओळ जोडून ठेवली आहे. पुढे सगळीकडे तीच वापरतो, म्हणजे कुणाच्या भजनाची मोडतोड नको:

*पाणी आलं बांधीत, माय गेली रोव्याले*

बांधीत म्हणजे धानाच्या शेतात, रोव्याले म्हणजे रोवणीला. दोन्ही भागांत सात-सात अक्षरं आहेत. पहिला भाग वाचून बघा. "बांधीत" नंतर श्वास येतो, पण अर्थ पुरा होत नाही, कान पुढे काय याची वाट बघतो. दुसऱ्या भागात वजन "माय" वर पडतं. पाण्याची बातमी आनंदाची आहे, आणि माय गेली याच्यात काळजी आहे की अभिमान, हे तुम्ही ठरवायचं. पाच जणांचं यावर एकमत होईपर्यंत पुढे जाऊ नका. आमच्या बैठकीत यावर चांगला तासभर वाद झाला होता, आणि पुढे कॉर्ड निवडताना त्या तासाने आठ दिवस वाचवले.

तपासा: कागद उलटा ठेवा आणि प्रत्येकाला विचारा, दुसऱ्या कडव्यात काय म्हटलंय? ज्याला सांगता येत नाही त्याने वाद्य हातात घेऊ नये.

या टप्प्याच्या शेवटी एक सराव करा. एकाने शब्द नुसते बोलायचे आणि हार्मोनियमने ठेका न धरता फक्त त्या बोलण्याला उत्तर द्यायचं. हॅनकॉकच्या त्याच अल्बमच्या शेवटच्या गाण्यात लिओनार्ड कोहेन हा कवी-गायक शब्द बोलतो आणि सोबत पियानो चालतो. ते एकदा ऐका. गाण्याची लय ढोलकीच्या आधी बोलण्यात असते, हे तिथे लख्ख कळतं.

## टप्पा ३: उघडी चाल

मूळ गायकाच्या आवाजातलं रेकॉर्डिंग मिळत असेल तर तेच घ्या. नंतरच्या कुणी गायलेलं किंवा ऑर्केस्ट्रातलं नको. त्यात दुसऱ्याच्या हरकती आलेल्या असतात आणि त्या मूळ चालीच्या म्हणून तुमच्या कानात बसतात.

चाल सरगममध्ये लिहा, एका अक्षराला एक सूर, हरकती आणि मुरक्या वगळून. माझ्या ओळीची चाल अशी:

पा-णी-आ-लं-बां-धी-त : प प ध प ग रे ग
मा-य-गे-ली-रो-व्या-ले : सा रे ग प ग रे सा

आठ मात्रांचा केहरवा आहे. सहा अक्षरांना एकेक मात्रा, शेवटच्याला दोन. पहिला भाग ग वर थांबतो, म्हणजे अधांतरी. दुसरा सा वर उतरतो. सगळे सूर भूप रागाचे आहेत, म आणि नी कुठेच नाहीत. ही नोंद ठळक अक्षरात करा, कॉर्डच्या वेळी हीच उपयोगी पडते.

तपासा: क्लॅरोनेटवाल्याने ही उघडी चाल एकही जादा सूर न लावता वाजवावी, आणि बाजूच्याने तेव्हा शब्द म्हणावे. सूर आणि अक्षरं जुळून पडली पाहिजेत.

## टप्पा ४: पट्टी

पट्टी म्हणजे पेटीची कोणती पट्टी सा धरून गायचं ते. इथली चूक लहान असते, पण तिने अख्खी संध्याकाळ जाते. गाणारा म्हणतो काळी एक, म्हणजे सप्तकातली पहिली काळी पट्टी. ऑर्गनवाला ट्रान्सपोज (सगळे सूर एकदम वरखाली सरकवणारं बटण) दाबून पांढरी एकवरच बोटं फिरवतो आणि क्लॅरोनेटवाल्याला सांगतो, "पांढरी एक आहे." मग पंधरा मिनिटं सगळे एकमेकांना बेसूर म्हणत बसतात. ट्रान्सपोजचं बटण शून्यावर ठेवा, आणि पट्टी नेहमी ऐकू येणाऱ्या आवाजाची सांगा.

नेहमीच्या क्लॅरोनेटवर, ट्रंपेटवर आणि टेनर सॅक्सवर वादक ज्याला आपला पहिला सा म्हणतो तो ऑर्गनच्या काळी पाचला येतो. ऑल्टो सॅक्सचा काळी दोनला येतो. म्हणून काळी पाच, पांढरी चार, काळी दोन या पट्ट्या फुंकवाद्यांना सोप्या जातात. पांढरी सहा घेतली तर क्लॅरोनेटला पाच शार्प (चढे सूर) सांभाळावे लागतात आणि ऑल्टोला सहा. गळ्याला जी पट्टी बसते तिच्या आसपास यातली कोणती येते ते बघा. अर्धा-एक सूर वरखाली करून जुळत असेल तर करा. जुळत नसेल तर गळ्याचं ऐका. शब्द गळ्यात आहेत, क्लॅरोनेटवाल्याने थोडी जास्त मेहनत घ्यावी.

## टप्पा ५: आवर्तनांचा नकाशा

आवर्तन म्हणजे तालाचा एक पूर्ण वळसा. गाणं किती आवर्तनांचं आहे ते कागदावर चौकोन काढून मोजा. धृपद चार आवर्तनं, पुन्हा धृपद चार, कडवं चार, परत धृपद चार, असं बसलं तर एकूण सोळा आवर्तनं होतात. प्रत्येक आवर्तनात आठ मात्रा, म्हणजे १२८ मात्रा. जॅझवाले चार मात्रांचा एक बार मोजतात, त्यांच्या हिशेबाने हे बत्तीस बार झाले. त्यांच्याकडच्या असंख्य गाण्यांचा साचा नेमका हाच आहे. ही सोळा आवर्तनांची एक पूर्ण फेरी म्हणजे पुढे सोलोचं माप.

पण स्वतः लिहून स्वतः गाणारी माणसं साच्यात बसत नाहीत. एखाद्या ओळीत दोन अक्षरं जास्त असतात आणि गायक बिनधास्त चार मात्रा वाढवतो. ठराविक ठेक्यात बसवण्यासाठी ती ओळ कापणं ही मोठी चूक आहे, कारण बहुतेकदा सगळ्यात महत्त्वाचं बोलणं त्याच ओळीत असतं. नकाशात तिथे अर्धा चौकोन वाढवा. सोलोच्या फेऱ्यांतही तो वाढीव तुकडा तसाच ठेवा.

तपासा: सगळ्यांनी वाद्यं खाली ठेवून, मनात गाणं म्हणत, फक्त समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, टाळी द्या. सोळा आवर्तनांनंतर पाचही टाळ्या एकत्र पडतात का? पडत नसतील तर आज इथेच थांबा.

## टप्पा ६: ठेका

भजनाच्या ठेक्यात आपलं वजन समेवर येतं आणि पाचव्या मात्रेला 'खाली', म्हणजे बिनवजनाची जागा, असते. जॅझमध्ये पायाने धरायचं वजन दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर असतं, म्हणजे आपल्या आठात २, ४, ६, ८ वर. दोन्ही एकाच वेळी जोरात वाजले की गाणं लंगडतं. त्यामुळे ढोलकीवाल्याला मी सांगतो, समेचा धा काढू नकोस, हलका कर. आणि खंजिरीच्या झांजा फक्त २, ४, ६, ८ वर येऊ देत. खंजिरी या कामाला फार उत्तम आहे. बाजारातला हाय-हॅट (ड्रमसेटमधली पायाने वाजवायची झांज) आणायला नागपूरला जायची गरज नाही.

स्विंग म्हणजे काय ते असं समजा. एका मात्रेत दोन सूर वाजवायचे असले तर आपण मात्रेचे दोन समान भाग करतो. स्विंगमध्ये मात्रेचे तीन भाग करा. पहिला सूर दोन भागांचा, दुसरा एका भागाचा. तोंडाने म्हणा: दाऽगे, दाऽगे, दाऽगे. सहा मात्रांचा दादरा वाजवणाऱ्या हाताला हे लगेच सापडतं. लय वाढली की हे प्रमाण आपोआप समान भागांकडे सरकतं, द्रुत लयीत ओढूनताणून हिंदोळे देऊ नका.

सराव असा. मोबाईलवरचा मेट्रोनोम मिनिटाला ५० ठोक्यांवर लावा. तो ठोका म्हणजे सम समजायची नाही, दुसरी आणि चौथी मात्रा समजायची. म्हणजे तुमची खरी लय १०० झाली. पहिल्या दिवशी सम हरवते. आठवड्याने हात स्थिर होतो. ऑर्गनमधला तयार ठेका लावून हा सराव टाळणाऱ्यांची लय कार्यक्रमात पळतेच.

गाणं दादऱ्यात असेल तर ते जबरदस्तीने चारच्या मापात आणू नका. तीन मात्रांचं जॅझही सर्रास वाजतं.

## टप्पा ७: बेस

मात्रेगणिक एक सूर, चालत्या पावलांसारखा. चार मात्रांतल्या पहिल्या पावलावर कॉर्डचा मूळ सूर (जिथून कॉर्ड सुरू होते तो), शेवटच्या पावलावर पुढच्या कॉर्डच्या मूळ सुराला लागून असलेला सूर, मधली दोन पावलं त्या दोघांना जोडणारी. एवढं सांभाळलं तर पुष्कळ झालं.

सावध: ढोलकीचा घुमारा आणि बेस एकाच जागेत राहतात. दोन्ही भरून वाजले की गावच्या साऊंडवर नुसता गुमगुमाट येतो. बेस चालत असताना ढोलकीवाल्याने डावा हात जवळपास बंद ठेवावा.

## टप्पा ८: कॉर्ड

आता ऑर्गन उघडा.

पहिला नियम: चालीत जे सूर नाहीत ते कॉर्डमधून आत येताना प्रत्येकाला विचारा, तू कशाला आलास? माझी ओळ भूपाची आहे. तिच्यावर कुणी सवयीने सा-ग-प-नी लावला, की नी आला. प-नी-रे-म लावला, की नी आणि म दोन्ही आले. गाण्याचा रंग बदलला, आणि तो तुम्ही ठरवून बदललेला नाही, बोटांनी बदलला.

आधी एकही बाहेरचा सूर न घेता किती करता येतं ते बघा. उजव्या हाताने ध-सा-ग धरा आणि तिथून हलवू नका. आता डाव्या हाताने खाली सा लावून ओळ म्हणा: "पाणी आलं बांधीत". उजेड आहे, घर भरलेलं आहे. उजवा हात तसाच ठेवून डाव्याने ध लावा आणि "माय गेली रोव्याले" म्हणा. वरचे तीन सूर तेच आहेत, पण आता मायची काळजी वाटते. आता डाव्याने म लावा. हा एकच सूर बाहेरचा आहे. ओळीचा पहिला भाग जिथे ग वर अधांतरी थांबतो, तिथे खाली म येऊ द्या. आभाळ भरून आल्यासारखं होतं.

टप्पा २ मधला वाद इथे सुटतो. मायची काळजी ठरली असेल तर दुसऱ्या भागाखाली ध. अभिमान ठरला असेल तर सा. कॉर्ड पुस्तकातून येत नाही, त्या निर्णयातून येते.

पुढची पायरी म्हणजे चौथ्या सुरांची रचना. ग-ध-रे-प-सा हे पाच सूर या क्रमाने खालून वर मांडा. प्रत्येक सूर आधीच्यापासून सा ते म एवढ्या अंतरावर येतो आणि भूपाचे पाचही सूर त्यात येतात, बाहेरचा एकही नाही. यातले लागोपाठचे कोणतेही तीन घ्या: ग-ध-रे, ध-रे-प, रे-प-सा. हे तुकडे चालीखाली हलके सरकवत राहा. ऐकायला पूर्ण जॅझ वाटतं आणि चालीला धक्काही लागत नाही.

सा-म-प सारख्या कॉर्डही अशाच कामाच्या. त्यात गंधार (ग) नसतो, त्यामुळे आनंद की दुःख हे कॉर्ड सांगत नाही, शब्दावर सोडून देते. जोनी मिचेलच्या गिटारवर हा प्रकार पुष्कळ ऐकू येतो. नवव्या वर्षी पोलिओ झाल्याने तिचा डावा हात कमजोर राहिला, म्हणून तिने गिटारच्या तारा नेहमीच्या सोडून वेगवेगळ्या सुरांत लावल्या, आणि तिच्या कॉर्डचा वेगळेपणा त्यातून आला. तिची गाणी जॅझमध्ये बसवताना सवयीने त्या कॉर्डमध्ये गंधार भरला की प्रश्नाचं उत्तर देऊन टाकल्यासारखं होतं. तसं करू नका.

आता नेहमीची जॅझची वळणं. कडवं संपून धृपदाकडे वळताना ही तीन कॉर्डची साखळी वापरा: रे-म-ध-सा, मग प-नी-रे-म, मग सा-ग-प-नी. सगळे सूर उजव्या हातात कोंबायचे नाहीत. प्रत्येक कॉर्डमधले दोनच घ्या. पहिल्यात म आणि सा. दुसऱ्यात म आणि नी. तिसऱ्यात ग आणि नी. नीट बघा: पहिल्याकडून दुसऱ्याकडे जाताना फक्त सा चा नी झाला, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे जाताना फक्त म चा ग. दर वेळी एकच बोट अर्ध्या सुराने खाली सरकतं. मूळ सूर बेसवाला देतोच आहे. ही दोन बोटं महिनाभर फिरवली तर बाकीची पुस्तकं नंतर वाचली तरी चालतील.

सावध: मधल्या कॉर्डखाली प च्या जागी कोमल रे लावायची एक प्रसिद्ध युक्ती आहे. बेस रे, कोमल रे, सा असा उतरतो, आणि नवशिके ती कळली की प्रत्येक ओळीत लावतात. चालीत त्याच क्षणी शुद्ध रे असेल तर ती टोचते. माझ्या ओळीत "रोव्याले" मध्ये नेमका शुद्ध रे आहे, म्हणून तिथे ती वर्ज्य. कडव्यानंतरच्या मोकळ्या जागेत, जिथे कुणी गात नाही, तिथे लावा.

तपासा: ऑर्गनवाल्याने कॉर्ड वाजवताना स्वतः शब्द म्हणावे. म्हणता आले नाहीत, तर कॉर्ड गर्दी करताहेत. निम्म्या काढा.

## टप्पा ९: सोलो

आमचा पहिला कार्यक्रम एका गावच्या मंडईतला, म्हणजे आमच्याकडच्या जत्रेतला. पहिलंच भजन. धृपद एकदा झालं आणि क्लॅरोनेट सुरू झालं, मग ऑर्गन, मग पुन्हा क्लॅरोनेट. समोर बसलेल्या एका आजीने अगदी आपुलकीने विचारलं, "बापू, भजन कवा सुरू होईन?" वाजत होतं ते भजनच होतं. घरी येऊन रेकॉर्डिंग ऐकलं तेव्हा तिचं बरोबर होतं. सोलोमध्ये गाण्याचा एक धागाही उरला नव्हता.

तेव्हापासून आम्ही सोलो तीन फेऱ्यांत शिकतो. पहिल्या फेरीत फक्त चालीचे सूर, त्याच क्रमाने, पण जागा बदलून: कुठे अर्धी मात्रा उशिरा, कुठे एक सूर लांबवून, कुठे गाळून. दुसऱ्या फेरीत चालीच्या सुरांभोवती शेजारचे सूर. तिसऱ्या फेरीत मोकळं, पण ओळ जिथे श्वास घेते तिथे वाद्यानेही श्वास घ्यायचाच. टप्पा २ मधल्या कागदावरच्या खुणा इथे समोर ठेवा.

अर्धी मात्रा उशिरा येताना एक गोष्ट सांभाळा. शब्द अख्खाच्या अख्खा उशिरा आणा. "बां" वेळेवर आणि "धीत" उशिरा, असं तोडलं की अर्थ मोडतो. हे गाणाऱ्यांनाही लागू आहे, वाद्यावर ते लपतं एवढंच.

कार्यक्रमात प्रत्येकाला एकच फेरी द्या. ढोलकीवाल्याशी चार-चार बारांचा, म्हणजे दोन-दोन आवर्तनांचा सवाल-जवाब ठेवा. तो आपल्या लोकांना लगेच कळतो आणि टाळ्याही तिथेच मिळतात. त्यानंतर पूर्ण गाणं शब्दांसह परत आलं पाहिजे. आलंच पाहिजे.

## टप्पा १०: कार्यक्रमाचा दिवस

गावचा साऊंडवाला डीजेच्या सवयीने बेस चढवतो. कार्यक्रमाआधी त्याला पूर्ण एक गाणं ऐकवा आणि सांगा, गाणाऱ्याचा शब्द शेवटच्या रांगेत स्पष्ट ऐकू आला पाहिजे, बाकी त्याच्या खाली. शेवटच्या रांगेत आपलाच एक माणूस उभा करा.

गाणं संताचं असेल तर गावच्या भजनी मंडळातल्या वडीलधाऱ्यांना आधी बैठकीत बोलवा आणि ऐकवा. आमच्याकडे एका बाबाजींनी दुसऱ्या कडव्यातला एक चुकीचा शब्द दुरुस्त करून दिला. तो आम्ही महिनाभर चुकीचा म्हणत होतो, आणि कॉर्डही त्या चुकीच्या अर्थावर बेतली होती.

हक्कांचंही बघा. भारतात लेखन आणि संगीतावरचा हक्क कर्त्याच्या निधनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. तुकडोजी महाराजांचं निर्वाण १९६८ सालचं, म्हणजे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या रचनांचा हिशेब २०२८ अखेरपर्यंत जातो. हौशी मंडळाने तिकीट न लावता केलेल्या कार्यक्रमाला कायद्यात सूट आहे. तिकिटाचा कार्यक्रम किंवा रेकॉर्डिंग प्रसिद्ध करणं वेगळं, त्याला हक्कदाराची लेखी परवानगी घ्या. चाल आणि मांडणी बदलताय, हेही त्या अर्जात स्पष्ट लिहा.

कार्यक्रम मोबाईलवर रेकॉर्ड करा. दोन दिवस ऐकू नका. तिसऱ्या दिवशी ऐकताना हातात टप्पा २ चा तो कागद घ्या आणि जो जो शब्द ऐकू आला नाही त्याखाली रेघ ओढा. पुढची बैठक त्या रेघांपासून सुरू करा, ऑर्गन बंद ठेवून.